सवाई प्रतापसिंहांची शबीह: जयपूरच्या प्रकल्प नोंदी

१४ एप्रिल २०२४

बदली होऊन जयपूरला आल्याला दोन वर्षे झाली. तेव्हापासून मनात असलेले काम आज सुरू केले. जयपूर दरबारच्या पद्धतीची एक राजशबीह, म्हणजे राजाचे व्यक्तिचित्र, जुन्या रीतीने, म्हणजे हातकागदाच्या वसलीवर, दळलेल्या रंगांनी आणि सोन्याच्या वर्खाने करायची आहे. जुन्या शहरातले एक वयस्कर चितारी रविवारी दोन तास शिकवायला तयार झाले आहेत. घरात कित्येक पिढ्या हेच काम चालत आल्यामुळे ते पुस्तकी भाषेत काही सांगत नाहीत. ते हातातून कुंचला काढून घेतात आणि करून दाखवतात.

नमुना म्हणून सवाई प्रतापसिंहांचे एक उभे चित्र निवडले आहे, ते छापील प्रतिकृतीवरून. हिरवी सपाट पार्श्वभूमी, पांढरा जामा, गळ्यात मोत्यांचे पदर, डोक्यामागे सोन्याची प्रभावळ, उजव्या हातात फूल, डावा हात तलवारीच्या मुठीवर आणि मुद्रा बघणाऱ्याच्या डावीकडे वळलेली. प्रतापसिंह १७७८ साली गादीवर आले आणि १८०३ साली वारले. हवामहल त्यांनीच १७९९ मध्ये बांधवला आणि ‘ब्रजनिधी’ या नावाने ते कविताही करीत. मराठी वाचकाला त्यांची ओळख वेगळ्या वाटेने आहे, कारण १७८७ साली तुंग्याला महादजी शिंद्यांसमोर उभे राहिलेले आणि १७९० साली पाटणच्या लढाईत हरलेल्या बाजूला असलेले हेच ते जयपूरकर. फूल हुंगणाऱ्या या माणसाच्या दारात तेव्हा खंडणीचा तगादा होता, हे चित्रात कुठेही दिसत नाही, आणि ते दिसू न देणे हेच दरबारी चिताऱ्याचे काम होते.

चित्राचे माप २० बाय २८ सेंटिमीटर, त्यात चेहरा जेमतेम अडीच सेंटिमीटर. माझा अंदाज सहा आठवड्यांचा आहे. गुरुजींनी तो ऐकून घेतला आणि काही बोलले नाहीत.

२१ एप्रिल

वसली म्हणजे पातळ कागद एकावर एक चिकटवून, घोटून केलेला पुठ्ठ्यासारखा घट्ट कागद. सांगानेरचा हातकागद आणला आणि तीन ताव मैद्याच्या खळीने जोडले. खळ शिजवताना त्यात चिमूटभर मोरचूद घातला, म्हणजे कसर आणि वाळवी लागत नाही. इथवर सगळे नीट झाले. मग मी ओली वसली टेबलावर ठेवून पंखा लावला. जयपूरच्या एप्रिलमधली कोरडी हवा आणि वर पंखा, यामुळे वरचा ताव तासाभरात वाळला, आतला मात्र ओलाच राहिला, आणि संध्याकाळपर्यंत वसली भाजलेल्या पापडासारखी चारही कडांनी वर आली. तिला पाणी मारून पुन्हा दाबायचा प्रयत्न केला, तेव्हा मध्यभागी हवेचे फुगे उठले. तीन ताव आणि एक दिवस वाया गेला.

दुसरी वसली जोडली ती दोन प्लायवूडच्या फळ्यांमध्ये, वर धान्याचा डबा ठेवून. दर सहा तासांनी वरखाली टिपकागद बदलले.

२८ एप्रिल

दुसरी वसलीही गेली, आणि यात दोष पूर्णपणे माझ्या घाईचा आहे. तिसऱ्या दिवशी हाताला कोरडी लागली म्हणून संगमरवरी पाटीवर ठेवून अकिकाच्या घोट्याने घोटायला घेतली. दहा मिनिटांत वरच्या तावाची साल निघाली, कारण आतली खळ अजून ओली होती आणि घोट्याच्या दाबाने ताव सरकला. गुरुजींनी वसली कानाशी धरून टिचकीने वाजवून दाखवली: ओली वसली बद्द आवाज देते, सुकलेली खणखणीत. ही खूण आधी सांगितली असती तर बरे झाले असते, असे मनात आले. पण मीही विचारले नव्हते.

तिसरी वसली सहा दिवस दाबाखाली ठेवली. मग दोन्ही बाजूंनी दोन-दोन तास घोटली. खिडकीच्या उजेडात तिरकी धरली की तिच्यावर आता शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी चकाकी दिसते. गुरुजींनी नखाची पाठ तिच्यावरून फिरवली आणि ‘चलेगा’ म्हणाले. हे काम करू पाहणाऱ्यांनी एकूण वेळेचा मोठा भाग वसलीला द्यावा, कारण पुढे केसाएवढ्या रेघा ओढताना कुंचला कागदाच्या तंतूला अडला तर चेहऱ्यावर कोणतीही दुरुस्ती करता येत नाही.

५ मे

आज सिटी पॅलेसच्या संग्रहालयात नुसते बघायला गेलो. इथले चितारी मुद्रेची दिशा डोळ्यांच्या हिशेबाने सांगतात: एक डोळा दिसला तर एकचश्म, दुसऱ्याची कड दिसली तर सवाचश्म, त्याहून जास्त तर डेढचश्म. राजाची शबीह बहुधा एकचश्म. मोगल दरबारातून शबीह रंगवण्याची रीत राजपूत राज्यांत आली, प्रभावळही तिकडूनच आली, आणि एकदा एकचश्म मुद्रा ठरली की पिढ्यान्‌पिढ्या तीच चालली. त्यात सोय होती, कारण नाक, कपाळ आणि हनुवटी यांची एकच बाह्यरेषा नेमकी उतरली की माणूस ओळखू येतो आणि ती रेषा चरब्यावरून, म्हणजे एकदा उतरवून ठेवलेल्या पारदर्शक नमुन्यावरून, हवी तितक्या वेळा उतरवता येते. महाराजांना दर वेळी चिताऱ्यासमोर बसवायची गरज उरत नाही. सूरतखाना, म्हणजे जयपूर दरबाराचे चितारखाते, अशा चरब्यांवरच चालत असे. साहिबरामसारखा नामवंत चितारी याच खात्यातला.

प्रतापसिंहांच्या हनुवटीखालची वळी आणि कानापुढून उतरणारे कल्ले पुष्कळ चित्रांत तसेच्या तसे दिसतात. त्या दोन गोष्टी साधल्या तर शबीह साधेल, असे वहीत लिहून ठेवले.

१२ मे

चरबा पूर्वी हरणाच्या पातळ, आरपार दिसणाऱ्या कातड्याचा करीत. मी बटर पेपर वापरला. प्रतिकृतीवरून बाह्यरेषा उतरवल्या, मग त्या रेषांवर बारीक सुईने मिलिमीटरभर अंतरावर भोके पाडली. याला खाका म्हणतात. खाका वसलीवर ठेवून कोळशाच्या वस्त्रगाळ भुकटीची पुरचुंडी वरून थोपटायची, म्हणजे खाली ठिपक्यांची आकृती उमटते, आणि ठिपके जोडून फिक्या गेरूने पहिली रेघ काढायची; ती टिपाई. भोके पाडायला एकूण सात तास लागले. नुसत्या पगडीला दोन.

गुरुजी घरच्या लग्नासाठी दोन-तीन रविवार गावाला जाणार आहेत. टिपाई करून ठेवतो, असे मी त्यांना सांगितले. तिथेच थांबायला हवे होते.

२ जून

आजची नोंद लिहायला नको वाटते, पण या वहीचा उपयोग असेल तर याच नोंदीचा.

सुई वरून टोचली की कागदाच्या खालच्या बाजूला भोकांभोवती खरखरीत कड येते. त्या कडेमुळे खाका वसलीवर सपाट बसत नव्हता आणि भुकटी इकडेतिकडे पसरत होती. म्हणून मी खाका उलटा केला, गुळगुळीत बाजू खाली घेतली. ठिपके एकदम सुबक उमटले. त्या आनंदात टिपाई केली आणि गुरुजी येईपर्यंत पार्श्वभूमीचा पहिला हात, जाम्याचा पांढरा आणि पटक्याचा, म्हणजे कमरेच्या शेल्याचा, लाल असे तीनही सपाट रंग भरून मोकळा झालो. मुद्रा उजवीकडे गेल्याचे माझ्या लक्षातच आले नाही, कारण प्रतिकृती मी कपाटात ठेवून दिली होती आणि समोर फक्त खाका होता, तोही उलटा.

गुरुजींनी चित्र हातात घेतले आणि मुद्रेकडे न पाहता काखेकडे पाहिले. जाम्याचे बंद उजव्या काखेखाली आले होते. त्या काळात हिंदू सरदार जामा डाव्या काखेत बांधत आणि मुसलमान उजव्या. चित्रातला माणूस कोण हे पगडीच्या आधी बंदांवरून सांगता येते. मग एकेक गोष्ट दिसू लागली. तलवार उजव्या कुशीला लटकत होती, म्हणजे ती उपसायची तर डाव्या हाताने. फूल डाव्या हातात गेले होते. मी महाराजांना डावखुरे केले होते. गुरुजी हसले नाहीत. एकाच चरब्यावरून समोरासमोर उभे असलेले दोन सेवक काढायचे असले की चितारी तो मुद्दाम उलटा करीत. पण तेव्हा बंद आणि शस्त्रे हाताने पुन्हा जागेवर आणत, असे त्यांनी सांगितले.

धुऊन काढता येईल का, असे विचारले. डिंकातला रंग वसलीत मुरतो. वर्ण पुसला तरी डाग राहतो आणि घोट कायमचा जातो. उत्तर नाही असेच होते.

खरखरीत कडेवर उपाय अगदी साधा आहे: बारीक पॉलिश पेपर खाक्याच्या मागून हलकेच फिरवायचा. त्याला पाच मिनिटे लागतात. माझे पंधरा दिवस गेले. खाक्याच्या दर्शनी बाजूला कोपऱ्यात लाल शाईने ‘वर’ असे लिहून ठेवले आहे.

१६ जून

चौथी वसली तयार झाली, टिपाई पुन्हा केली, आणि या वेळी बंद डावीकडे आहेत. वाया गेलेली वसली फेकली नाही. आता प्रत्येक रंग आधी तिच्यावर लावून बघतो.

रंगांविषयी. हिंगूळ खलात लिंबाच्या रसात घोटला, पाण्याने पुन्हा पुन्हा धुतला आणि वर येणारे पिवळट पाणी ओतून टाकले, तेव्हा कुठे त्याचा खरा लाल निघाला. हिंगुळात पारा असतो, म्हणून मास्क लावला, आणि कुंचल्याला ओठांत धरून टोक काढायची जी सवय इथल्या सगळ्यांना आहे ती मी मुळातच लावून घेतली नाही. जुन्या चित्रांतला हिरवा पुष्कळदा हरताळ आणि नीळ यांच्या मिश्रणाचा असतो. हरताळ वापरायला गुरुजींनी साफ नकार दिला, कारण त्यात सोमल आहे, शिवाय शिसे किंवा तांबे असलेला शेजारचा रंग त्याने काळवंडतो. मराठीत आपण केल्या कामावर हरताळ फासतो तो हाच. पोथीतली चुकलेली अक्षरे याच पिवळ्या रंगाने झाकत. दोन जूननंतर ही माहिती मला जरा लागलीच. हिरव्यासाठी नीळ आणि बाजारची प्योडी घेतली. खरी प्योडी आंब्याची पाने खाणाऱ्या गाईंच्या मूत्रापासून करीत, ती आता कुठेही होत नाही; दुकानात त्या नावाने मिळतो तो कारखान्यातला पिवळा.

कुंचला पूर्वी खारीच्या शेपटीच्या केसांचा, कबुतराच्या पिसाच्या नळीत बसवलेला असे. मुंगसाच्या केसांचे कुंचले अजूनही चोरून विकले जातात. ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्ह्यात मोडतात, घेऊ नयेत. कृत्रिम केसांचा तीन शून्यांचा कुंचला मला पुरला.

७ जुलै

पाऊस सुरू झाला आणि एप्रिलमध्ये बरोबर असलेली सगळी मापे चुकू लागली. सपाट रंग भरण्याला इथे गदकारी म्हणतात. प्रत्येक हात सुकल्यावर चित्र काचेवर पालथे ठेवून पाठीमागून घोटायचे, म्हणजे रंगाचे कण दबून वर्ण मखमली होतो. मी हिरव्याचा तिसरा हात घोटला आणि चित्र उचलले, तर खांद्यामागचा रुपयाएवढा तुकडा काचेलाच चिकटून राहिला. रंगात बाभळीचा डिंक जास्त झाला होता. कोरड्या हवेत तो चालून गेला, दमट हवेत मात्र काचेशी चिकटला. त्या जागी कडा ओल्या कुंचल्याने विरवून, कमी डिंकाचे दोन पातळ हात देऊन आठवडाभराने पुन्हा घोटले. जोड उजेडात तिरके धरले की अजून दिसतो. डिंक तपासायची गुरुजींची रीत अशी: सुकलेल्या रंगावर बोट घासावे, बोटाला रंग लागला तर डिंक कमी, रंग चकाकला तर जास्त.

मोरचूदामुळे वसलीला बुरशी मात्र आली नाही.

२१ जुलै

चेहरा. दोन आठवडे, सव्वीस तास, अडीच सेंटिमीटर.

गव्हाळ वर्ण सफेदा, प्योडी आणि हिंगुळाची जराशी छटा यांतून बनवला आणि तीन पातळ हातांत चढवला. त्यावर परदाज, म्हणजे केसाएवढ्या तुटक रेघा आणि ठिपके यांनी गोलाई आणण्याचे काम. कुंचल्यात रंग इतका कमी हवा की आधी कागदाच्या तुकड्यावर टोक फिरवल्यावर रेघ उमटते की नाही अशी शंका यावी. पहिल्या दिवशी गालाच्या खाली परदाज जास्त झाला आणि महाराजांना दाढीची खुंटे आल्यासारखे दिसू लागले. ते फिक्या वर्णाच्या पातळ हाताने दाबले.

मोठी चूक झाली ती खुलाईत. खुलाई म्हणजे शेवटची बाह्यरेषा. मी नाक आणि ओठांची रेघ शुद्ध काजळीने ओढली, आणि चेहरा एकदम बाहुलीच्या चेहऱ्यासारखा कडक झाला. गुरुजींनी भिंग लावून प्रतिकृती दाखवली: तिथे चेहऱ्याची रेघ काळी नाहीच, ती हिंगुळात काजळी मिसळून केलेली तांबूस तपकिरी आहे, आणि काळा फक्त पापणीच्या कडेला, बुबुळात आणि केसांत. काळी रेघ खरवडून काढताना वसलीचा घोट जाईल या भीतीने ओलसर कुंचल्याने ती कणाकणाने उचलली. नाकाचा शेंडा त्यात मूळ चित्रापेक्षा किंचित बोथट झाला, तो तसाच राहिला.

कल्ले मात्र साधले. एकेक केस कानाकडून गालाकडे ओढायचा आणि शेवटी हात उचलून रेघ हवेत सोडायची. गुरुजींनी अर्धा कल्ला स्वतः केला आणि उरलेला मी. कुठून माझा सुरू होतो ते भिंगाशिवाय कळत नाही, अशी माझी समजूत आहे.

४ ऑगस्ट

वर्ख डिंकाच्या पाण्यात, चिनी मातीच्या ताटलीत, बोटाने तासभर घोटला, मग पाण्यात विरघळवून निवळू दिला आणि डिंकाचे पाणी काढून टाकले. तळाशी उरलेले सोने कुंचल्याने लावता येते. प्रभावळीचे किरण मी थेट हिरव्यावर ओढले आणि ते शेवाळ चढलेल्या पितळेसारखे मळकट दिसले. सोन्याखाली पिवळ्याचा हात लागतो, हे राहून गेले होते. किरण पुन्हा केले. सहा वर्ख जादा लागले. लहान घोट्याने वरून हलके घासल्यावर मात्र ते असे उजळले की शेजारच्या पटक्याचा लाल फिका वाटू लागला, आणि पटक्यावर हिंगुळाचा आणखी एक हात द्यावा लागला.

११ ऑगस्ट

मोती. जयपूरच्या शबीहांत मोती रंगवलेले नसतात, उठवलेले असतात. दाट सफेद्याचा थेंब कुंचल्याच्या टोकाने ठेवायचा आणि तो आपोआप घुमटासारखा सुकतो. एकूण दोनशे चौदा मोती. पहिल्या साठांना सुकताना तडे गेले, कारण थेंब उठून राहावा म्हणून मी डिंक वाढवला होता. उरलेले कमी डिंकात, दोन टप्प्यांत थेंबावर थेंब देऊन केले, ते टिकले. आणि मग, चार महिन्यांच्या सवयीने, मी चित्र काचेवर पालथे घालायला उचलले. गुरुजींनी मनगट धरले. मोती उठवल्यावर चित्र पुन्हा घोटायचे नसते.

१८ ऑगस्ट

हाशिया, म्हणजे चित्राभोवतीची चौकट, लाल; त्याच्या आत सोन्याची एक बारीक रेघ. एका दिवसात झाला, तंटा नाही.

खर्च असा: कागदाचे बारा ताव ८४० रुपये, घोटा ८५०, संगमरवरी पाटी ४००, कुंचले १,१५०, रंग १,७५०, चौदा वर्ख २,५२०, आणि तेरा रविवारांची शिकवणी ६,५००, एकूण १४,०१० रुपये. तास १३८, त्यांतले ४७ केलेले काम पुन्हा करण्यात गेले. सहा आठवड्यांचे अठरा झाले.

मेवाडच्या दरबारी चित्रांच्या पाठीवर विषय, नोंदीचा क्रमांक आणि चित्राची किंमत लिहिलेली सापडते. गुरुजी म्हणाले, तूही लिही. मी देवनागरीत ‘सबी महाराजा सवाई प्रतापसिंहजी’ असे लिहिले, खाली तारीख घातली आणि किमतीच्या जागी १४,०१० लिहिले. त्यांनी आकडा वाचला, पेन्सिल मागितली आणि समोर लिहिले: ‘वसली चौथी’.

उलटी वसली त्यांनी ठेवून घेतली आहे. पुढच्या शिकाऊला पहिल्याच रविवारी दाखवायची आहे म्हणे.